सातच्या बातम्यांची पंचशीला

साडेतीनच्या सुमाराला मुडबीची बस बसवकल्याणच्या स्टँडात शिरते. तिच्यातून एक ठेंगणी, सावळी, शेहेचाळीस वर्षांची बाई उतरते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, पिशवीत इस्त्रीची साडी. समोरचे रिक्षावाले तिला बघून एकमेकांना सांगतात, "बातम्या आल्या." बाई आल्या असं कुणी म्हणत नाही. आणि मग बातम्या मान खाली घालून, चप्पल फटफट वाजवत, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावरचा जिना चढून जातात.

ही पंचशीला. दुकानावरच्या दोन खोल्यांत अमृतप्पाचं 'सीमाकिरण' नावाचं केबल चॅनेल आहे. इकडं हुलसूरपासून तिकडं हायवेवरच्या मन्नाएखेळ्ळीपर्यंत त्याची वायर गेलेली. त्या चॅनेलवर रोज संध्याकाळी सात वाजता पंचशीला मराठी बातम्या वाचते. चोवीस वर्षं झाली. मागं निळा पडदा, पुढं टेबल, टेबलावर प्लास्टिकची फुलं, आणि कॅमेऱ्यामागं पन्नाशीचा धनराज, जो कॅमेराही धरतो, दिवेही लावतो आणि चहाही आणतो. खाली दुकानात कुणी ट्रॅक्टर चालू करून बघितला की बातम्या थांबतात. पंचशीला कागदावर बोट ठेवून शांत बसते, घरोघरची माणसंही भाकरीचा तुकडा हातात धरून शांत बसतात, आणि ट्रॅक्टर बंद झाला की दोन्हीकडचं काम पुन्हा सुरू होतं. कुणाची तक्रार नाही.

आता गंमत अशी, की मराठी बातम्यांची ही बाई जन्मली हैदराबादला. बाप गुंडेराव मुडबीचाच, पण तरणेपणी पोटासाठी हैदराबादला गेला आणि काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात लागला. पंचशीला तिथल्या गल्लीत वाढली. खेळायची भाषा दखनी, दुकानदाराची तेलुगू, आणि मराठी फक्त आई भागाबाई रागावली तर. पोरगी अकरा वर्षांची असताना कारखाना बंद पडला आणि तिघं मुडबीला परत आली. शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेतली, तर ही उठून म्हणाली, "हौ सर." सगळा वर्ग खदखदून हसला. पुढं दोन वर्षं तिला नावानं कुणी हाक मारलीच नाही. हैदराबादी, बास.

पोरगी रडत घरी यायची. भागाबाई शिकलेली नव्हती, पण डोकं चालवणारी बाई. तिनं पोरीचा हात धरला आणि विहारात नेऊन बसवलं. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचणारे आप्पाराव म्हातारे झालेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. एक दिवस ओळच सापडेना, तर त्यांनी ग्रंथ उचलून समोरच बसलेल्या पंचशीलाच्या मांडीवर ठेवला. "वाच गं," म्हणाले. पोरगी वाचायला लागली ती धडधड, एका दमात. मागून म्हाताऱ्या ओरडल्या, "आगं, कुनी पाठीमागं लागलंय का तुझ्या? हळू वाच. आमाला समजू दे की." मग ती हळू वाचायला लागली. समजलं नाही की म्हाताऱ्या पुन्हा वाचायला लावायच्या, आणि पुन्हा वाचलं की माना हलवायच्या. असे नऊ-दहा पावसाळे गेले. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्या तोंडाकडं बघत बघत ती वाचायला शिकली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली न्यायचा, हे तिला त्या म्हाताऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्यांनी शिकवलं. असलं शिक्षण कुठल्या कॉलेजात मिळत नाही, आणि मिळालं तरी पोरं तास बुडवतील.

अमृतप्पाला ती सापडली तीही तिथंच. तेव्हा त्याचं चॅनेल नवं होतं. बातम्यांना त्यानं कॉलेजचा एक पोरगा बसवला होता, तो असा वाचायचा की बातमी संपेपर्यंत ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. एका संध्याकाळी अमृतप्पा वायर ओढायला मुडबीत आला होता. विहाराच्या मागच्या भिंतीला शिडी लावून वर चढला आणि आतला आवाज ऐकून तिथंच थांबला. वाचन संपेपर्यंत शिडीवर, खांद्यावर वायरचं भेंडोळं. खाली उतरून गुंडेरावच्या दारात गेला. त्याची मातृभाषा कन्नड, पण बाजारात मराठीच बोलायचा. म्हणाला, "अण्णा, पोरगीला टीव्हीत बसवतो. रोज घरी आणून सोडायची जबाबदारी माझी."

गुंडेराव घाबरला. म्हणाला, "अप्पा, टीव्हीत तोंड दिसतंय. तोंडाखाली नाव बी येतंय. नाव आलं की लोक इचारतेत, कुनाची हाय."

"इचारू दे," अमृतप्पा म्हणाला. "सांगतो मी."

आणि लोकांनी विचारलं. पहिल्या महिन्यात फोन आले, दुसरं कुणी मिळालं नाही का म्हणून. हिच्या मराठीला हैदराबादचा वास येतो, असंही एकानं सुनावलं. अमृतप्पा तापट माणूस. त्यानं प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "टीव्हीच्या मागं बटन हाय, बंद करा." पण कुणी बंद केलं नाही. कसं करणार? ह्या बाईच्या बातम्यांत असायचं तरी काय? तुरीचा आणि सोयाबीनचा भाव, उद्या लाईट कधी जाणार, कुठली बस रद्द झाली, आणि सगळ्यात शेवटी निधन वार्ता. कोण गेलं, कुठल्या गावचं, माती किती वाजता. ही शेवटची बातमी ती दोनदा वाचायची, सावकाश. कितीतरी माणसं तिच्यामुळं वेळेवर आपल्या माणसाच्या मातीला पोचली. दोन वर्षांनी कुणाची आहे हे विचारणं बंद झालं, आणि आमची पंचशीलाबाई असं म्हणणं सुरू झालं.

पण उगीच गोडगोड कशाला सांगायचं? आमची पंचशीलाबाई हे टीव्हीतल्या बाईला म्हणायचे. टीव्हीतली बाई रोज त्यांच्या बैठकीत यायची, त्यांच्या जेवणासमोर बसायची. तीच बाई कधी कामानं दारात आली, तर बसायला खुर्ची ओसरीत यायची आणि पाणी यायचं ते वेगळ्या ग्लासात. सगळ्या घरी नाही, पण पुष्कळ घरी. पंचशीला ते पाणी प्यायची, ग्लास विसळून पालथा घालायची आणि निघायची. घरी येऊन कधी बोलली नाही. गुंडेराव ओळखायचा, तोही बोलला नाही. मुडबीत त्याच्या घरी वरच्या आळीचं कुणी कधी जेवलेलं नव्हतं, आणि जेवेल अशी आशाही त्यानं कधी धरली नव्हती.

मधल्या काळात तिचं लग्न झालं. नवरा अमरदीप सरकारी बसवर कंडक्टर. सासऱ्याच्याच घरात राहतो म्हणून मित्र त्याला घरजावई म्हणून चिडवतात, आणि तो सांगतो, "आमच्या घरात संध्याकाळी सातला बायको बोलती अन् मी ऐकतो. तुमच्या घरात दिवसभर हेच चाललंय, मला काय सांगायलाव?" भागाबाई सहा वर्षांपूर्वी गेली. चोवीस वर्षांत पंचशीला सातला टीव्हीत दिसली नाही ती तेवढ्या दिवसांतच.

मग मोबाईल आले. बातमी सातपर्यंत थांबेना. अमृतप्पाची गिऱ्हाइकं वायर काढून टाकायला लागली. बंगळूरला नोकरी करणारा त्याचा मुलगा शिवप्रसाद फोनवर सांगायला लागला, "अप्पा, मराठी बातम्या कोण बघतंय आता? ती अर्ध्या तासाची जागा जाहिरातींना द्या."

एका डिसेंबरच्या दुपारी अमृतप्पानं पंचशीलाला समोर बसवलं. बराच वेळ टेबलावरची प्लास्टिकची फुलं नीट केली. मग म्हणाला, "बाई, मॅच चालू असताना वायर तुटली तर दोन मिनिटात चाळीस फोन येत्यात. शिव्या देत्यात लोक. तुझ्या बातम्या बंद केल्या तर किती येतील?"

पंचशीला फोनकडं बघायला लागली.

"आठ दिवस बंद ठेवून बघू. फोन आले तर चालू. न्हाई आले, तर मंग..." पुढचं त्याच्याच्यानं बोलवेना.

पंचशीलाला ते लागलं. चोवीस वर्षांनी आपल्याला कुणी ऐकत होतं की नाही हे असं मोजायचं? पण बाई मानी. म्हणाली, "चालंल अप्पा. पन एक करा. बंद करायलोय म्हनून पाटी लावू नका. लोक भिडंखातर फोन करतील. असला फोन नको मला. मुकाट्यानं बंद करा."

झालं. तिथंच घोळ झाला, आणि अर्धा तिनंच घातला.

कारण रोजचा अर्धा तास रिकामा झाला, त्यात दाखवायचं काय? धनराजला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं आपल्या बुद्धीनं, बातम्यांच्या आधी लागायचं ते चित्र लावून ठेवलं. त्या चित्रात पंचशीलाचा हात जोडलेला फोटो होता. कधीतरी दिवाळीला ते चित्र केलेलं, म्हणून कोपऱ्यात एक समई पेटलेली. नुसतं मुकं चित्र बरं दिसेना, म्हणून त्यानं मागं बासरी लावली. रोज सात ते साडेसात. हात जोडलेला फोटो, पेटलेली समई आणि संथ बासरी. धनराजला ते छान वाटलं. अमृतप्पा त्या वेळी फोनच्या शेजारी बसलेला असायचा, पडद्याकडं बघायचाच नाही.

पंचशीलानं तर घरातला टीव्हीच बंद करून वर कापड टाकलं. ती घराबाहेर पडेना. शेजारची ज्योती सांगून गेली, "अक्का, तुमचा फोटू लावल्यात," तर तिला वाटलं, अप्पानं आठवण म्हणून लावला असेल. मुडबीतल्या लोकांना ती रोज अंगणात दिसायची, त्यांना काही वाटलं नाही. पण मुडबीच्या बाहेर काय चाललं होतं, ते ना तिला माहीत, ना अमृतप्पाला.

पहिल्या दिवशी फोन नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी एक आला, तो वायर दुरुस्त करा म्हणून. रात्री अमृतप्पा पंचशीलाला कळवायचा, "न्हाई बाई, आजबी न्हाई." ती बरं म्हणायची आणि भांडी घासायला बसायची. घासलेलीच पुन्हा घासायची. मध्ये येळवस आली, शेतात पूजा करून तिथंच जेवायची अमावस्या. सगळा मुलूख आंबील आणि भज्जी घेऊन शेतात गेला. ती गेली नाही. "बाबा," ती बापाला म्हणाली, "गावानं मला ऐकलंच न्हाई का ओ? मी भिंतीलाच वाचत बसले का?" गुंडेराव उठून जवळ आला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

तिकडं अमरदीपच्या बसमध्ये वेगळंच सुरू झालं होतं. तो तिकीट फाडायला जवळ गेला की लोक बोलणं थांबवायचे. एका म्हाताऱ्यानं उठून त्याला जागा दिली. प्रवाशानं कंडक्टरला जागा दिली, असं त्याच्या एकवीस वर्षांच्या नोकरीत झालं नव्हतं. एका बाईनं त्याच्या हातात चार पेरू कोंबले आणि डोळ्याला पदर लावला. मागं कुणीतरी कुजबुजलं, बिचारा, लगेच ड्यूटीवर आला. अमरदीप घरी येऊन म्हणाला, "तुझ्या बातम्या बंद पडल्याचं सगळ्यांना कळलंय वाटतं. लई वाईट वाटायलंय लोकांना." पंचशीला चिडली. "वाईट वाटायलंय तर फोन कामून करंनात? पेरू कशाला द्यायल्यात?"

आठवा दिवस उजाडला. अमृतप्पानं सकाळीच कळवलं, दुपारी मुडबीला येतो. का येतो ते दोघांनाही माहीत होतं.

अकराच्या सुमाराला पंचशीला अंगणात तूर पाखडत बसली होती. गल्लीच्या तोंडाशी टमटम थांबली आणि बायकांचा गळा काढून रडण्याचा आवाज आला. इकडं रीतच आहे, दुखवट्याला आलेल्या बायका गल्लीच्या तोंडापासून रडत येतात. पंचशीलाच्या हातातलं सूप पडलं. अमरदीप पहाटेच्या गाडीवर गेलेला. तिच्या मनात नको ते आलं. ती पळत दाराशी गेली तोवर पाच बायका आत शिरल्या, तोंडावर पदर, काखेत गाठोडी. पुढची धिप्पाड म्हातारी दारात जी बाई दिसली तिच्या गळ्यात पडली आणि हंबरडा फोडून रडायला लागली.

"आगं कसं झालं गं, चालती-बोलती बाई गेली गं माजी..."

पंचशीलानं तिचे खांदे धरले. "अक्का," ती कशीबशी म्हणाली, "कोन गेलं ओ? सांगा की. कोन गेलं?"

म्हातारीचं रडणं तिथंच थांबलं. तो आवाज तिनं चोवीस वर्षं ऐकला होता. तिनं तोंडावरचा पदर काढला, दोन्ही हातांनी पंचशीलाचं तोंड धरलं आणि न्याहाळलं. मागच्या चौघी रडायच्या थांबल्या. अंगणात बाजेवर बसलेला गुंडेराव उठून उभा राहिला. कुणालाच काही कळेना.

"तू हायस?" म्हातारी म्हणाली.

"मीच हाय."

"मंग ह्यो फोटू? ही बासरी?"

आणि मग सगळं बाहेर आलं. म्हातारी म्हणजे हुलसूरची गुरुबाई, चांगल्या जमीनदार घरची. तिनं पहिल्या दिवशी फोटो बघितला आणि हातातली भाकरी खाली ठेवली. गल्लीत विचारलं तर कुणाला काही माहीत नाही, पण सगळ्यांनी फोटो बघितलेला. माणूस गेल्याशिवाय असा फोटो लागत नाही, समई लागत नाही. आणि निधन वार्ता वाचणारीच गेली, तर तिची वार्ता सांगणार कोण? म्हणून कुणी सांगितली नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं. येळवस झाली की जायचं ठरलं.

"आवं पन एक फोन करायचा की," पंचशीला म्हणाली. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं.

गुरुबाई एकदम तापली. "फोन? मयताच्या घरी फोन करत्यात व्हय? काय इचारायचं, मेली का म्हनून? चालत यायचं असतंय." आणि मग आठ दिवसांचा राग तिच्या हातात आला. तिनं पंचशीलाच्या पाठीत एक धपाटा घातला. "येळवशीची भज्जी तोंडात घातली न्हाई म्या तुझ्यामुळं. आंबील नुसती वासावर सोडली. अन् तू हितं तूर पाखडायलीस."

धपाटा चांगलाच लागला. पंचशीलाला आठ दिवसांत आलं नव्हतं ते रडू आलं, आणि ती भर अंगणात उभी राहून रडली.

आता प्रश्न आला गाठोड्यांचा. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरे आपल्या घरून पिठलं-भाकरी बांधून नेतात. दुःखातल्या माणसाला पहिला घास भरवायचा आणि त्याच्याच पंगतीला बसून आपणही जेवायचं. कडू घास म्हणतात त्याला. तो सोयऱ्यांनीच न्यायचा असतो, परक्यानं नाही. आणि एकदा नेलेला घास परत आणायचा नसतो. पाच गाठोडी, त्यात पाच घरचं पिठलं, कुणाचं घट्ट, कुणाचं पातळ. कुणीच मेलेलं नाही, आणि अन्न तर आलेलं.

एकजण हळूच म्हणाली, "आता कसं करायचं, गुरुबाई?"

"कसं म्हंजी? जेवायचं," गुरुबाई म्हणाली. "हिच्या बातम्या गेल्यात की. त्याचा घास म्हना." आणि ती फतकल मारून अंगणात बसली.

गुंडेराव पाण्याचा तांब्या भरून ठेवून बाजूला, भिंतीकडं जाऊन बसला. तो नेहमी तसाच बसायचा, मोठ्या घरची माणसं आली की. गुरुबाईनं भाकरी मोडता मोडता मान वर केली. "अण्णा, तितं कामून बसलाव? हिकडं या. आमी काय एकट्यानं जेवायला आलोय का?" गुंडेराव उठला. पंगतीत येऊन बसला. गुरुबाईनं पहिला घास पंचशीलाच्या तोंडात घातला आणि दुसरा घास त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो तोंडात घातला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात असली पंगत त्याच्या दारात बसली नव्हती. तो म्हणाला, मीठ जरा जास्त झालंय. बायका हसल्या. कुठल्या घरचं पिठलं खारट, ह्यावर मग वाद झाला.

तेवढ्यात अमृतप्पा आला. एका हातात शाल, दुसऱ्या हातात झेंडूचा हार. निरोपाचा सत्कार करायला आला होता बिचारा. हार बघून गुरुबाई म्हणाली, "फोटूला घालायला आनलास व्हय रे?"

अमृतप्पाला काही कळेना. पंचशीलानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो आधी तांबडा झाला, मग पांढरा झाला आणि शेवटी दारातच खाली बसला. "मी आठ दिवस फोनकडं बघत बसलो," तो म्हणाला. "वाटलं, गावाला बाईची किंमत न्हाई."

"फोटू लावला, दिवा लावला, बासरी लावली," गुरुबाई म्हणाली, "अन् वर म्हनतो फोन आले न्हाईत. बस. जेव."

तो जेवला. जेवता जेवताच धनराजला फोन लावून त्यानं कन्नडमध्ये जे काही सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही. मग पंचशीलाकडं वळून म्हणाला, "बाई, आजच सातला. साडी घे." पाचही बायका घाईनं उठल्या, कारण सातपर्यंत त्यांना हुलसूरला पोचायचं होतं.

त्या संध्याकाळी सात वाजता फोटो गेला आणि फोटोच्या जागी बाई आली. नमस्कार म्हणून तिनं तुरीचा भाव वाचायला घेतला आणि फोन वाजायला लागला. ठेवला की वाजे. अमृतप्पा उचलायचा, शिव्या खायचा आणि ठेवायचा. चिटगुप्प्याहून शिव्या, हुलसूरहून शिव्या, कुठल्याशा तांड्यावरून एक बाई नुसती रडली. अमृतप्पानं आयुष्यात इतक्या आनंदानं कधी शिव्या खाल्ल्या नसतील. कॅमेऱ्यामागं धनराज मान खाली घालून उभा होता. पंचशीलानं त्या फोनच्या आवाजातच बातम्या पूर्ण केल्या.

बातम्या संपल्यावर एक फोन आला, तो अमृतप्पाशी बोलेना. बाईंशीच बोलायचं म्हणाला. मन्नाएखेळ्ळीचे अंकुशराव. म्हातारे शेतकरी, पंचशीलानं त्यांना कधी बघितलेलं नव्हतं.

"बाई, तुमी हाव का खरंच?"

"हाय की अण्णा. बोलायलेय की तुमच्याशी."

 मग म्हातारा म्हणाला, "आवं, मी तर तुमच्या नावानं आंघोळ केली."

पंचशीलानं खुर्चीचा हात धरला. कुणी गेल्याचं कळलं की अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, ती फक्त भावकीतल्या माणसासाठी. रक्ताचं माणूस असेल तरच. दुसऱ्या जातीच्या माणसासाठी, तो कितीही जवळचा असला तरी, कुणी ही आंघोळ केल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.

"फोटू बघितला अन् उठलो," अंकुशराव सांगत होते. "आमची म्हातारी म्हनली, थांबा, पानी तापवते. म्हनलं, असल्या आंघोळीला पानी तापवत्यात का? आडावर गेलो अन् दोन बादल्या वतून घेतल्या. आता तुमी हाव म्हनता. मंग त्या आंघोळीचं काय करू, बाई?"

 अमृतप्पा तिच्याकडं बघत होता, धनराज बघत होता. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"राहू द्या अण्णा, केली ती केली," ती म्हणाली. "पन पुढच्या बारीला पानी तापवून घ्या. थंडी लई असती."